बोलणे खुंटले की गाव खुंटते



या सदरात आपण एरवी बियाणे, खत, पाणी आणि कीड यांविषयी बोलतो. आज जिभेविषयी बोलायचे आहे. त्याला निमित्त झाले एका भगिनीचे पत्र. त्या लिहितात, "निवडणूक जवळ आली की आमचे मालक घरातल्या सगळ्यांना बजावतात, कोणी विचारले तरी मनातले सांगू नका, आणि मोबाईलवर तर एक अक्षर लिहू नका. साहेब, आपले मत सांगणे हा गुन्हा आहे का?"

गुन्हा मुळीच नाही, ताई. परंतु तुमच्या मालकांची भीतीही खोटी नाही. ती कुठून येते आणि तिची किंमत कोणाला मोजावी लागते, हे मी एका गावात डोळ्यांनी पाहिले आहे. त्यात चूक माझीही होती, म्हणून आधी तीच सांगतो.

माझ्या कार्यक्षेत्रातले ते गाव मक्याचे. 2018 च्या खरिपात आम्ही तेथे शेतकऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला. हेतू साधा होता. कोणाच्या शिवारात काय दिसले ते सर्वांना कळावे, हवामानाचा अंदाज मिळावा, बाजारभाव समजावेत. ग्रुपचा प्रमुख मीच होतो. पहिले वर्ष काम झकास चालले. कोणी पानाचा फोटो टाकी, कोणी विचारी, "हे पिवळे का पडले?" त्यात सर्वांत उपयोगी माणूस म्हणजे साठीच्या पुढचे एक शेतकरी. सारे गाव त्यांना आप्पा म्हणते. शिक्षण सातवीपर्यंतचे, पण रोज सकाळी बांधावरून फिरून पीक न्याहाळण्याची सवय अशी की कीड आली तर ती आधी आप्पांना दिसायची.

पुढे 2019 ची लोकसभा निवडणूक आली. एप्रिल महिना, उन्हाचा कडाका, शेतात काम थोडे आणि हातात मोबाईल. ग्रुपवर पिकांऐवजी पक्ष आले. एका रात्री आप्पांनी दोन ओळी लिहिल्या. त्यांत शिवी नव्हती, कोणाचा अपमान नव्हता. आपण मत कोणाला देणार आणि का, एवढेच होते. कारणही शेतमालाच्या भावाचे होते.

दहा मिनिटांत त्यांच्या भावकीतल्याच एका तरुणाचे उत्तर आले : "आप्पा, वय झालं. अक्कल गहाण ठेवलीत काय?" दुसऱ्याने विचारले, "किती घेतले?" तिसऱ्याने तर गाढवाच्या धडावर आप्पांचे तोंड लावून चित्रच टाकले. त्याखाली हसऱ्या तोंडांची रांग लागली. त्यांत आप्पांच्या पुतण्याचेही तोंड होते.

मी ते रात्रीच पाहिले. मनात आले, "आपण सरकारी नोकर. राजकारणात पडायला आपल्याला नियमाने बंदी आहे. जाऊ द्या, सकाळपर्यंत सगळे शांत होईल." आणि मी झोपलो. बंधूंनो, ही माझी चूक. कोणत्या पक्षाची बाजू घ्यायची नाही, हा माझ्यावरचा नियम खरा. पण म्हाताऱ्या माणसाला गाढव म्हणू नका, असे सांगणे हे राजकारण नव्हे. ते सांगायला कोणता नियम आड येत होता? नियम पुढे करून मी माझा भित्रेपणा झाकला.

आप्पांनी ग्रुप सोडला नाही, पण त्या दिवसापासून तेथे एक अक्षर लिहिले नाही.

जुलै उजाडला. मका गुडघ्याला लागला होता. अमेरिकन लष्करी अळी ही त्या वेळी आपल्याकडे नवी कीड. भारतात ती प्रथम 2018 साली कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. हिची मादी पानावर पुंजक्याने अंडी घालते. अळ्या लहान असतात तेव्हा पान खरवडून खातात आणि पानावर पांढुरके चट्टे दिसतात. या वेळी पुंजके वेचून नष्ट केले, पाच टक्के निंबोळी अर्क फवारला, कामगंध सापळे लावले, तर थोडक्यात निभावते. उशीर झाला की अळी पोंग्यात शिरते आणि विष्ठेचा भुसा साचून वरून जणू बूच बसते. मग फवारलेले औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. सगळा खेळ पहिल्या आठ-दहा दिवसांचा असतो.

त्या गावात पहिला फोटो ग्रुपवर आला तेव्हा अळ्या पोंग्यात शिरलेल्या होत्या. मी धावत गेलो. शिवार फेरी केली. आप्पांच्या रानात मात्र नुकसान अगदी किरकोळ. मी विचारले, "आप्पा, तुमचं कसं वाचलं?"

ते म्हणाले, "मला आधीच दिसली होती, साहेब. पुंजके वेचले, अर्क मारला."

"मग ग्रुपवर टाकलं का नाही?"

आप्पा थोडा वेळ बांधाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "टाकलं असतं, अन् ती अळी दुसरीच निघाली असती, तर पुन्हा गाढव झालो असतो. एकदा झालो तेवढं बास."

याला मी काय उत्तर देणार? गावाचे त्या हंगामात जे नुकसान झाले, त्यातला काही वाटा अळीचा होता आणि काही वाटा त्या चित्राचा. माणसाला एका विषयावर गप्प केले की तो त्याच विषयावर गप्प राहील, अशी आपली समजूत असते. तसे होत नाही. राजकारणावर तोंड मिटलेला माणूस अळीवरही तोंड मिटतो, पाण्याच्या पाळीवरही मिटतो आणि ग्रामसभेतही.

आता कोणी म्हणेल, भांडणे काय पूर्वी होत नव्हती? होत होती. भांड्याला भांडे लागायचेच. पारावर, चावडीवर निवडणुकीच्या दिवसांत आवाज चढायचे. पण तेथे समोर माणूस असे. त्याचा पडलेला चेहरा दिसला की आपला शब्द आपोआप मवाळ व्हायचा. कोणीतरी वडीलधारा मध्ये पडून म्हणायचा, "पुरे रे, चहा घ्या." आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाकडे औत मागायला जायचे आहे, हे दोघांनाही ठाऊक असायचे. मोबाईलवर चेहरा दिसत नाही. पारावरचा शब्द दहा जण ऐकत आणि तो वाऱ्यावर जाई. ग्रुपवरचा शब्द दोनशे जण वाचतात, आणि तो तेथेच राहतो. कोणी त्याचा फोटो काढून पुढे धाडतो आणि संध्याकाळपर्यंत तो लेकीच्या सासरी पोचलेला असतो. म्हणून तीच शिवी आता जास्त खोल लागते.

आणि भीती केवळ शिवीची नसते. गावात मत उघड झाले की माणसाच्या मनात कितीतरी हिशेब सुरू होतात. उसाला तोड वेळेवर मिळेल ना? सोसायटीत कर्जाचा कागद अडणार नाही ना? घरकुलाच्या यादीत नाव राहील ना? भावकीतल्या लग्नाची पत्रिका येईल ना? ज्याच्याकडे चाळीस एकर आहेत त्याला हे प्रश्न पडत नाहीत. दोन एकरवाल्याला पडतात, मजुराला त्याहून जास्त पडतात. म्हणजे शिवीगाळीने आधी गप्प बसतो तो गरीब. उरतात ते दांडगे, आणि मग बाहेरच्याला वाटते की गावाचे मत तेच.

भगिनींचे तर विचारूच नका. महाराष्ट्रात 2011 पासून ग्रामपंचायतीत निम्म्या जागा महिलांना राखीव आहेत. पण एखादी बाई ग्रुपवर नळाच्या पाण्याविषयी लिहिते, तर तिला पाण्याचे उत्तर मिळत नाही. "नवऱ्याला विचारून लिहिलं का?" हे उत्तर मिळते. ती पुन्हा लिहीत नाही. नळ तसाच कोरडा राहतो.

मतभेद झाले म्हणून गाव मोडत नाही. याचा आपल्याच मराठी मुलखातला एक दाखला सांगतो. सातारा, सांगली, सोलापूरकडच्या वाचकांना टेंभू हे नाव उपसा सिंचन योजनेमुळे पाठ आहे. कऱ्हाड तालुक्यातल्या त्याच टेंभू गावी 1856 साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले. ते आणि लोकमान्य टिळक हे कॉलेजपासूनचे जिवाभावाचे मित्र. 1880 साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले, 1881 साली 'केसरी' सुरू झाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूर संस्थानच्या कारभाऱ्यांवर लिहिलेल्या मजकुराबद्दल अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि 1882 साली दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात एकत्र 101 दिवस काढले.

पुढे दोघांचे पटेना. आधी समाजसुधारणा की आधी स्वराज्य, हा वाद होता. आगरकरांनी 'केसरी' सोडला आणि 1888 साली 'सुधारक' काढला. मग वर्षानुवर्षे दोन्ही पत्रांतून एकमेकांवर टीका झाली आणि ती गुळमुळीत नव्हती, चांगली झोंबणारी होती. पण दोघेही आपापल्या पत्रातून उघडपणे लिहीत आणि कारणे देऊन लिहीत. त्याच पुण्यात काही लोकांनी मात्र आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. त्या काळचे ते गाढवाचे चित्रच समजा. 1895 साली आगरकर गेले. चाळिशीही पुरी झाली नव्हती. तेव्हा टिळकांनी 'केसरी'त आपल्या या जुन्या मित्रावर मृत्युलेख लिहिला. आज टिळक आपल्याला ठाऊक आहेत, आगरकर ठाऊक आहेत. ती खोटी तिरडी उचलणारे कोण होते, हे कोणाला ठाऊक आहे काय?

तेव्हा कडक बोलण्याला माझी ना नाही. सभ्यता म्हणजे गोड बोलून आतले आत ठेवणे नव्हे. "सरपंच, या रस्त्याचे काम निकृष्ट झाले आहे, हिशेब दाखवा," हे वाक्य कडक आहे आणि संपूर्ण सभ्य आहे. "सरपंच चोर आहे, त्याचा बापही तसाच होता," हे वाक्य कडक नाही, नुसते घाण आहे. पहिल्या वाक्याने हिशेब निघतो. दुसऱ्याने हिशेब बाजूला राहतो आणि बापाचे भांडण सुरू होते. ज्याला हिशेब द्यायचा नसतो, त्याला दुसरे वाक्य फार सोयीचे पडते.

कायद्याचेही थोडे ध्यानात ठेवा. मत मांडण्याचा हक्क घटनेच्या 19 व्या कलमाने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. 2012 च्या नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयी फेसबुकवर मत लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला आणि ते पसंत केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. देशभर गदारोळ उठला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या 66-अ कलमाखाली अशा अटका होत, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने 24 मार्च 2015 रोजी घटनाबाह्य ठरवून रद्द केले. कोणाला न आवडणारे मत लिहिणे एवढ्यानेच गुन्हा होत नाही, हे त्या निकालाने स्पष्ट झाले.

पण हक्काला बांधही आहेत. कोणाची खोटी बदनामी करणे हा गुन्हा आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्यासाठी 356 वे कलम आहे. धमकी देणे हा गुन्हा आहे, स्त्रीच्या अब्रूला लागेल असे बोलणे हा गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा जातीवरून चारचौघांत अपमान करणे हा 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने गंभीर गुन्हा आहे. "मोबाईलवर सहज लिहिले" ही सबब तेथे चालत नाही. ग्रुपप्रमुखांना एक भीती असते, की सदस्याने काही वावगे लिहिले तर आपण अडकू. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 साली सांगितले आहे, की त्या लिखाणात प्रमुखाचा हात नसेल तर केवळ तो प्रमुख आहे म्हणून त्याला दोषी धरता येत नाही. कायद्याने सुटका झाली, तरी गावकीची जबाबदारी उरतेच. ती मी त्या रात्री टाळली होती.

आपण गाजरगवताचे काय करतो? फुलावर येण्याआधी उपटतो. फुलले की एकेक झाड हजारो बी टाकते, मग सारे शिवार उपटत बसावे लागते. शिवीचे तसेच आहे. पहिल्या दिवशी एका माणसाने "हे बरे नाही" म्हटले तर ती तिथेच उपटली जाते. दुसऱ्या दिवशी दहा जणांनी म्हटले तरी बी पडून गेलेले असते.

त्या खरिपानंतर त्या गावात आम्ही बसलो आणि काही गोष्टी ठरवल्या. तुमच्या गावाला उपयोगी पडतील म्हणून देतो.

1. शेतीचा ग्रुप शेतीचाच ठेवावा. राजकारणावर बोलायचे असेल तर वेगळा ग्रुप काढावा, पण तेथेही पुढचे नियम पाळावेत.

2. मुद्द्याला उत्तर द्यावे. माणसाचे वय, जात, घर, बायको, बाप यांचे नाव काढू नये. कोणाच्या चेहऱ्याचे चित्र करू नये.

3. जे पारावर समोरासमोर, त्याच्या आईच्या देखत बोलू शकणार नाही, ते लिहू नये. राग आला तर मोबाईल खाली ठेवून गोठ्यात एक चक्कर मारावी. शेण काढून होईपर्यंत निम्मा राग उतरतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

4. कोणाचा अपमान झाला तर प्रमुखाने त्याच दिवशी मजकूर काढावा, आणि लिहिणाऱ्याला फोन करून बोलावे. चारचौघांत झाडू नये, नाहीतर तो हट्टाला पेटतो. पुन्हा तेच केले तर काही दिवस बाहेर ठेवावे. हा नियम सर्व पक्षांच्या माणसांना सारखा लावावा.

5. हसरे तोंड पाठवण्याआधी विचार करावा. शिवी देणारा एकच असतो. तिला वजन येते ते हसणाऱ्यांमुळे.

6. आपले मत कोणाला, हे सांगण्याची सक्ती कोणावरही करू नये. मतदान गुप्त आहे. सांगणे हा हक्क आहे, तसा न सांगणे हाही हक्क आहे. पण माणूस भीतीने गप्प आहे की स्वखुशीने, हे गावाने ओळखावे.

7. गावाचे प्रश्न ग्रामसभेत न्यावेत. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा सर्वांना ठाऊक आहेत. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसे सभेला लागतात. मोबाईलवर दोनशे जण भांडतात आणि सभेला वीस जण येतात, ही शोभेची गोष्ट नाही. महिलांची सभा आधी होते, तिला घरातल्या बायकांना आग्रहाने पाठवावे.

ग्रामसभा कशी चालावी याचा नमुना पाहायचा तर गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड आदिवासी गाव पाहा. तेथे निर्णय हात वर करून मताधिक्याने होत नाहीत, सर्वांच्या संमतीने होतात. ज्याला पटत नाही त्याचे ऐकून घेतात, पुन्हा बसतात. त्याला वेळ लागतो. पण याच रीतीने चालणाऱ्या त्या गावाने 2009 साली आपल्या जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 साली आपला बांबू स्वतः विकण्याचा अधिकारही मिळवला. न पटणाऱ्याला गाढव ठरवून ते काम झाले नसते.

आता राहिले आप्पा. त्या चित्राबद्दल मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. ग्रुपवर नाही, ओट्यावर, त्यांच्या सुनेसमोर. "अक्कल गहाण" लिहिणारा तो तरुण मात्र लगेच आला नाही. त्याच्या स्वतःच्या मक्याचे बरेच गेले होते आणि रागही होता. दिवाळीच्या आसपास तो एका संध्याकाळी ओट्याशी येऊन उभा राहिला. काही बोलला नाही. आप्पा म्हणाले, "बस. चहा घेशील?" दोघांनी चहा घेतला आणि रब्बीच्या हरभऱ्याविषयी बोलले. मतांचे म्हणाल तर दोघेही आजवर निरनिराळ्या पक्षांना मत देतात, आणि एकमेकांना तसे सांगतातही.

पुढच्या खरिपात ग्रुपवर पहिला फोटो आप्पांचा आला. पानावर अंड्यांचा पुंजका. खाली लिहिले होते, "ही तीच आहे असे वाटते. चुकत असेन तर सांगा." पहिले उत्तर त्या तरुणाचेच होते : "चुकत नाही आप्पा. आम्ही सकाळी बघतो."

पत्र लिहिणाऱ्या ताईंना माझे एवढेच सांगणे आहे, की मालकांना दटावू नका, त्यांच्या भीतीला कारण आहे. पण या वेळी महिला ग्रामसभेला जा आणि नळाच्या पाण्याचा नाहीतर शाळेच्या छपराचा, एक तरी प्रश्न उभे राहून विचारा. आणि बाकीच्या वाचकांनो, त्या उभ्या राहतील तेव्हा हसू नका. कोणी हसला तर शेजारी बसलेल्याने त्याला तिथल्या तिथे थांबवावे.

पुढच्या अंकात नेहमीप्रमाणे पिकाकडे वळू. राम राम.